जागा कोणी खाल्ली?

फोनवर ‘स्टोरेज संपत आलं आहे’ अशी सूचना आली की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. गॅलरी उघडतात, हाताला लागतील ते चार व्हिडिओ उडवतात, आणि आठवड्याभरानं तीच सूचना पुन्हा आली की वैतागतात. जागा नेमकी कशानं भरली हे शोधायचा कंटाळा येतो. बरं, शोधायला बसलं तरी हिशोब जुळत नाही. सेटिंग्ज एक आकडा सांगतात, अ‍ॅप दुसराच सांगतं, आणि पट्ट्याच्या टोकाला ‘इतर’ किंवा ‘सिस्टिम’ नावाचा एक करडा तुकडा असतो, तो कशाचा ते घरात कुणालाच सांगता येत नाही.

हा गोंधळ तुमच्या फोनचा नाही. तो पन्नासहून अधिक वर्षं जुना आहे. ‘अमुक फाइलनं जागा खाल्ली’ म्हणजे नक्की काय झालं, याचं एकच सरळ उत्तर संगणक बनवणाऱ्यांना कधी देता आलेलं नाही. दर पिढीनं चोर पकडायला एक नवं साधन बनवलं, आणि दर साधनानं थोडा वेगळाच चोर पकडला.

पहिल्या हार्ड डिस्कच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. १९५६ साली आयबीएमनं ‘३०५ रॅमॅक’ नावाचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या डिस्कच्या कपाटात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक फिरत असत. कपाटाचं वजन टनाच्या वर आणि क्षमता ५० लाख अक्षरांची. सगळ्या यंत्राचं भाडं महिन्याला ३,२०० डॉलर. एवढं भाडं भरणारी कंपनी त्यात काय ठेवायचं ते आधी कागदावर आखून घ्यायची. डिस्कवर कुठं काय आहे हे चालवणाऱ्या माणसाला ठाऊक असायचं, कारण त्यानंच ते तिथं ठेवलेलं असायचं. घरात एकच माणूस असेल तर साखरेचा डबा कुणी रिकामा केला याची चौकशी होत नाही.

चौकशी सुरू झाली ती एका डिस्कवर चार जण राहायला आल्यावर.

अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या मरे हिल इथं बेल लॅब्ज नावाची प्रयोगशाळा होती. केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी १९६९पासून तिथं यूनिक्स घडवत होते. आज तुमच्या हातातला अँड्रॉइड काय किंवा आयफोन काय, दोघांच्याही पोटात त्याच घराण्याचे संस्कार आहेत. १९७१च्या उत्तरार्धात या मंडळींकडे एक छोटा संगणक होता आणि त्याला अर्ध्या एमबीची एकुलती एक डिस्क होती. पेटंट विभागाच्या तीन टायपिस्ट दिवसभर त्यावर पेटंटचे अर्ज टाइप करत असत, आणि त्याच यंत्रावर, त्याच डिस्कवर, यूनिक्सचं कामही चालू असे. अर्धा एमबी म्हणजे आजच्या हिशोबात सकाळी येणारी गुलाबाच्या फुलांची तीन-चार चित्रं.

चाळीतल्या सामायिक गॅलरीसारखी ही अवस्था होती. एकानं सायकल लावली, दुसऱ्यानं पिंप ठेवलं, तिसऱ्यानं कुंड्या मांडल्या, आणि एक दिवस जायला वाटच उरली नाही. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेली यूनिक्सची पहिली माहितीपुस्तिका निघाली. त्यातल्या मोजक्या आज्ञांमध्ये दोन आज्ञा याच कामाच्या आहेत. ‘डीएफ’ सांगते डिस्कवर किती जागा शिल्लक आहे. ‘डीयू’ सांगते कुठल्या फोल्डरनं किती घेतली आहे. इतक्या लहान, इतक्या घाईत घडलेल्या प्रणालीत या दोघींना पहिल्याच दिवशी स्थान मिळालं, यावरूनच डिस्क किती वेळा भरत असेल याचा अंदाज येतो. दोघी आजही हयात आहेत. जगभरातले सर्व्हर सांभाळणारे लोक पहाटे तीनला झोपेतून उठून याच दोन आज्ञा टाइप करतात.

डिस्क भरण्याची एक खूण त्या घराण्यानं अंगावर गोंदवून घेतली आहे. लिनक्समध्ये ‘यूएसआर’ नावाचं एक फोल्डर असतं आणि त्यात सगळे प्रोग्राम असतात. नाव मात्र ‘यूझर’ची आठवण करून देणारं. मुळात तिथं वापरणाऱ्यांच्या खोल्या होत्या. पण पहिल्या डिस्कवर प्रणाली मावेना, म्हणून तिचा काही संसार माणसांच्या डिस्कवर नेऊन ठेवला गेला. पुढं माणसं दुसरीकडं राहायला गेली, प्रणालीचं सामान तिथंच राहिलं. जागा टंचाईच्या काळात केलेली तात्पुरती सोय अर्ध्या शतकानंतरही पत्त्यात दिसते आहे.

आता खरी गंमत. डीयू आणि डीएफ या दोघींचं एकमेकींशी पटतंच असं नाही.

यूनिक्समध्ये फाइल आणि फाइलचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइल म्हणजे डिस्कवरचा मजकूर आणि त्याची एक क्रमांक दिलेली नोंद. नाव म्हणजे त्या नोंदीकडं दाखवलेलं बोट. एकाच फाइलला दोन-तीन नावं असू शकतात, जसं एखाद्याला घरी बाळू, ऑफिसात देशपांडे आणि गावी तात्या म्हणतात. तुम्ही फाइल ‘डिलीट’ करता तेव्हा खरं तर एक नाव पुसता. त्या आतल्या क्रियेचं नावच ‘अनलिंक’ आहे, म्हणजे दुवा तोडणं. शेवटचं नाव पुसलं गेलं आणि ती फाइल उघडून बसलेला एकही प्रोग्राम उरला नाही, की मग कुठं जागा मोकळी होते.

यातून एक जुनं भूत जन्माला आलं आहे. सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरते. सांभाळणारा घाबरून शोधतो. एक प्रोग्राम रोजनिशी लिहितो आहे आणि ती फाइल फुगून अवाढव्य झाली आहे. तो ती उडवतो. डिस्क तरीही भरलेलीच. डीयूला विचारलं तर ती म्हणते, सगळं मिळून अर्धीसुद्धा भरलेली नाही. डीएफ म्हणते, तसूभर जागा नाही. दोघीही खरं बोलत असतात. डीयू जनगणनेसारखी दारोदार फिरते आणि पाटीवर नाव असेल त्याची नोंद करते. डीएफ थेट दप्तरातली वही बघते. नाव पुसलेली फाइल दाराच्या पाटीवर नाही, पण वहीत आहे, कारण प्रोग्राम अजून तिच्यात लिहितोच आहे. मेलेला माणूस अजून जेवायला बसतो आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या विक एबेल यांनी ‘एलएसओएफ’ नावाचं एक साधन लिहिलं. ते कुठला प्रोग्राम कुठली फाइल उघडून बसला आहे याची यादी देतं, त्यामुळं अशी बेनाम फाइलसुद्धा सापडते. उपाय साधा असतो, तो प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करायचा. पण तो सुचेपर्यंत अनेकांची रात्र गेलेली असते.

उलटा प्रकार विंडोजमध्ये झाला. २००७ साली व्हिस्टा आलं तेव्हापासून विंडोजच्या पोटातलं ‘विनएसएक्सएस’ हे फोल्डर लोकांच्या डोळ्यांत सलू लागलं. उघडून बघावं तर प्रचंड मोठं. खरं तर त्यातल्या पुष्कळशा फाइल विंडोजच्या इतर फोल्डरांतही त्याच होत्या, फक्त त्यांना दोन-दोन नावं होती. एक्स्प्लोरर प्रत्येक नावाची स्वतंत्र मोजणी करून बेरीज फुगवत होता. बाळू, देशपांडे आणि तात्या या तिघांसाठी तीन ताटं वाढल्यासारखं. कुणी हुशारी करून ते फोल्डर उडवायला गेलं तर विंडोजच बसायचं. विंडोज ८.१मध्ये मायक्रोसॉफ्टला त्या फोल्डरचा खरा आकार सांगणारी खास आज्ञा द्यावी लागली.

फाइलचा आकार आणि तिनं अडवलेली जागा यांतही फरक असतो. डिस्क जागा देते ती ठरावीक मापाच्या खणांत. खण ४ केबीचा असेल आणि तुमची चिठ्ठी अर्ध्या केबीची असेल, तरी पूर्ण खण तुमच्या नावे लागतो. बर्कली विद्यापीठात बिल जॉय, मार्शल कर्क मक्यूझिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यूनिक्ससाठी नवी, वेगवान रचना केली. तिच्याबद्दलच्या १९८४ सालच्या लेखात त्यांनी आपल्याच डिस्कांचा हिशोब छापला आहे. मूळ मजकूर ७७५.२ एमबीचा. खण ५१२ बाइटचे ठेवले तर वाया जाणारी जागा ६.९ टक्के. तेच खण ४,०९६ बाइटचे केले तर ४५.६ टक्के! मोठे खण वेगासाठी हवे होते आणि छोटे काटकसरीसाठी. त्यांनी मोठ्या खणाचे तुकडे पाडून शेवटचा तुकडा लहान फाइलला देण्याची युक्ती काढली. घरोघरच्या पीसींच्या नशिबी अशी युक्ती नव्हती. विंडोज ९५च्या जुन्या पद्धतीत १ ते २ जीबीच्या डिस्कवर खण ३२ केबीचा असे. एका ओळीची चिठ्ठी, जागा ३२ केबी. हजार चिठ्ठ्या म्हणजे ३२ एमबी, आणि फाइलींच्या आकारांची बेरीज करत बसलं तर यातलं काहीच दिसायचं नाही.

आणखी एक भांडण आकड्यांचंच आहे. डिस्क विकणारा १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं एवढे बाइट मोजतो. विंडोज १०२४च्या पटीत मोजतं, म्हणून तीच डिस्क ९३१ जीबीची दिसते. १९९८ साली या १०२४वाल्या मापांना ‘किबी’, ‘मेबी’, ‘गिबी’ अशी वेगळी नावं ठरवून दिली गेली. ती बोलताना वापरणारा माणूस भेटला तर कळवा.

सामायिक डिस्कवरची भांडणं मिटवायचा एक मार्ग ऑस्ट्रेलियात निघाला. मेलबर्न विद्यापीठातल्या रॉबर्ट एल्झ यांनी प्रत्येकाला कोटा ठरवून देण्याची व्यवस्था लिहिली. १९८३च्या बर्कली यूनिक्समध्ये ती आली. दोन मर्यादा असत. पहिली ओलांडली की ताकीद आणि आवराआवर करायला थोडी मुदत, दुसरी ओलांडताच येत नसे. रेशनकार्डासारखंच. शोधाच्या दृष्टीनं पाहिलं तर कोट्यानं काहीच शोधलं नाही. त्यानं फक्त ‘कोणी खाल्लं’ हा प्रश्न सामायिक गॅलरीतून उचलून ज्याच्या-त्याच्या खोलीत नेऊन टाकला. आज तुमच्या फुकट ईमेलला जी १५ जीबीची मर्यादा आहे, ती त्याच घराण्यातली.

१९९०पर्यंत डिस्का मोठ्या झाल्या, फोल्डरांत फोल्डर वाढले, आणि डीयूची यादी शेकडो ओळींची होऊ लागली. यादी खरी असते, पण ती वाचून डोळ्यांपुढं काही उभं राहत नाही. मेरिलँड विद्यापीठातल्या माणूस-संगणक संवादाच्या प्रयोगशाळेत ८० एमबीची एक डिस्क होती आणि ती १४ जण वापरत. ती भरली. प्रयोगशाळेचे प्रमुख बेन श्नाइडरमन यांना कळेना, की कुणाला सांगायचं, बाबा रे, जरा आवर. फोल्डरांचं झाड काढून बघावं तर फांद्या पडद्याबाहेर जात होत्या आणि मध्ये नुसती रिकामी जागा. प्राध्यापकांच्या विश्रांतिकक्षात बसून या कोड्याशी झटापट करताना त्यांना एकदम सुचलं: झाड काढूच नये. सगळा पडदा म्हणजे सगळी डिस्क. तो आधी उभ्या रेघांनी मोठ्या फोल्डरांत वाटायचा, ज्याचा जेवढा आकार तेवढी रुंदी. मग प्रत्येक तुकडा आडव्या रेघांनी त्याच्या आतल्या फोल्डरांत. मग पुन्हा उभा. शेवटी पडदाभर चौकटी, आणि प्रत्येक चौकट म्हणजे एक फाइल. सगळ्यात मोठी चौकट आपोआप डोळ्यांत भरते.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावायला एक वाक्य पुरे. डीयू म्हणजे सात-बाराचा उतारा आणि श्नाइडरमन यांनी काढला तो गावनकाशा. उताऱ्यावर क्षेत्र अचूक असतं, पण कुणाचं रान किती पसरलं आहे ते नकाशावरच दिसतं.

वाटणीचा दोषही अगदी आपल्या ओळखीचा निघाला. आजोबांचं शेत उभं कापून चार मुलांना दिलं, मुलांनी आडवं कापून नातवांना दिलं, की दोन-तीन पिढ्यांत बांध जास्त आणि शेत कमी होतं. नांगर वळवायला जागा राहत नाही अशा चिंचोळ्या पट्ट्या उरतात. ट्रीमॅपमध्ये, म्हणजे श्नाइडरमन यांच्या या नकाशात, नेमकं तेच झालं. दोरीसारख्या पातळ पट्ट्या, ज्यांवर बोट ठेवता येईना आणि ज्यांची तुलना करता येईना. श्नाइडरमन यांचे विद्यार्थी ब्रायन जॉन्सन यांनी मॅकिंटॉशसाठी ‘ट्रीविझ’ हा प्रोग्राम लिहिला, तो याच पद्धतीचा होता. नेदरलँड्समधल्या आइंडहोवन इथं यार्के व्हान वाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढं दोन दुरुस्त्या केल्या. १९९९ साली चौकटींना उशीसारखा फुगीरपणा दिला, त्यामुळं कुठली कुणाच्या पोटात ते छायेवरून कळू लागलं. २००० साली वाटणीची रीतच बदलली, प्रत्येक तुकडा होईल तितका चौरस राहील अशी. भावकीच्या वाटण्या अशा चौरस करून देणारा तलाठी आपल्याला कधी भेटला नाही.

त्यांच्या ‘सिक्वोयाव्ह्यू’ या प्रोग्रामनं ही चित्रं घरोघरच्या पीसीवर आणली. मग लिनक्सवर ‘केडिरस्टॅट’ आणि त्याच्या धर्तीवर २००३ साली विंडोजसाठी ‘विनडिरस्टॅट’. हा शेवटचा अनेकांनी पाहिला असेल. डिस्क चाळताना पिवळे पॅकमॅन इकडून तिकडं तोंडं उघडझाप करत फिरत राहतात, आणि शेवटी पडदाभर रंगीत गालिचा अंथरला जातो. या कुळात झाडांची नावं ठेवायची रीत आहे. सिक्वोया तर झालंच, लिनक्सच्या एका साधनाचं नाव ‘बाओबाब’ आहे, म्हणजे आपली गोरखचिंच. फुगलेल्या खोडाच्या झाडाचं नाव भरलेल्या डिस्कला देणाऱ्याची दृष्टी चांगली म्हणायची.

चौकटींची ही रीत डिस्कमधून बाहेर पडून दुसरीकडंच नांदली. १९९८ साली मार्टिन वॉटनबर्ग यांनी ‘स्मार्टमनी’साठी शेअर बाजाराचा नकाशा केला, कंपनी जेवढी मोठी तेवढी चौकट, भाव वाढला की हिरवी, पडला की लाल. आज ट्रेडिंगच्या अ‍ॅपवर तुम्ही जो लाल-हिरवा चौकडा बघता, त्याचा पूर्वज मेरिलँडमधली भरलेली डिस्क आहे.

इथवरच्या सगळ्या शोधांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, की जागा म्हणजे बाइट. ते गृहीतक मंगळावर तुटलं.

नासाची ‘स्पिरिट’ ही गाडी ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावर गुसेव्ह विवरात उतरली. तिच्याकडं १२८ एमबी रॅम होती आणि माहिती साठवायला २५६ एमबी फ्लॅश मेमरी, तुमच्या मेमरी कार्डासारखीच. अठरा मंगळ-दिवस सुरळीत गेले. २१ जानेवारीला संपर्क तुटला. आधी वाटलं, ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या अँटेनावर पाऊस चालू आहे, म्हणून असेल. पण पुढंही नुसते तुटक ‘बीप’ येत राहिले. दोन दिवसांनी थोडी माहिती हाती लागली ती भयंकर होती. गाडी स्वतःलाच बंद-चालू करत होती. साठहून अधिक वेळा. रात्री झोपायचं ते झोपत नव्हती, बॅटऱ्या उतरत चालल्या होत्या. त्याच दिवसांत तिची जुळी बहीण ‘ऑपॉर्च्युनिटी’ मंगळाच्या दुसऱ्या बाजूला उतरणार होती, म्हणजे हीच खोट तिच्यातही असू शकत होती.

संशय फ्लॅशवर गेला. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांनी गाडीला आज्ञा पाठवली, की फ्लॅशकडं बघूच नको, नुसत्या रॅमवर सुरू हो. ती सुरू झाली. मग सावकाश तपास करता आला, आणि जे सापडलं ते कुठल्याही ट्रीमॅपवर दिसलं नसतं. फ्लॅशमधले बाइट संपले नव्हते. फाइलींची संख्या वाढली होती. पृथ्वीपासून मंगळापर्यंतच्या सात महिन्यांच्या प्रवासात हजारो छोट्या फाइली साठल्या होत्या, उतरल्यावर त्यांत भर पडत गेली. गाडी सुरू होताना या सगळ्या फाइलींची यादी रॅममध्ये मांडत असे. यादी इतकी लांबली की ठरवून दिलेल्या रॅममध्ये मावेना. मावली नाही की बिघाड, बिघाड झाला की पुन्हा सुरुवात, आणि पुन्हा सुरू झाली की पहिलं काम तीच यादी मांडण्याचं. वर आणखी एक गोष्ट. तिथली फाइलव्यवस्था जुन्या डॉसच्या पद्धतीची होती. त्या पद्धतीत फाइल पुसली तरी यादीतली तिची ओळ मोकळी होते, पण यादी आखूड होत नाही. अडगळ विकून टाकली तरी माळ्यानं व्यापलेली उंची तेवढीच, तसं.

सगळ्यात चुटपुट लावणारा भाग असा, की पथकाला धोका कळला होता. प्रवासातल्या जुन्या फाइली पुसणारा एक छोटा प्रोग्राम पंधराव्या मंगळ-दिवशी गाडीकडं पाठवलाही होता, दोन भागांत. एक भाग पोहोचला, दुसरा नाही. तो एकोणिसाव्या दिवशी पुन्हा पाठवायचं ठरलं होतं. गाडी अठराव्या दिवशी कोसळली. पृथ्वीवरच्या चाचण्या सलग इतके दिवस कधी चालल्याच नव्हत्या, त्यामुळं एवढ्या फाइली साठल्यावर काय होतं हे कुणी पाहिलेलं नव्हतं.

कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या यंत्रावर त्यांनी जे केलं ते आपण फोनवर करतो तेच होतं. जुन्या फाइली पुसल्या आणि फेब्रुवारीत फ्लॅश फॉरमॅट केली. तीन महिन्यांसाठी पाठवलेली स्पिरिट त्यानंतर २०१०पर्यंत बोलत राहिली.

आपल्याकडं हा प्रश्न आला तो सूर्योदयाच्या चित्रांतून. २०१८च्या जानेवारीत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं बातमी दिली, की गूगलचे लोक भारतातले फोन का गोठतात याचा शोध घेत होते आणि त्यांना ‘गुड मॉर्निंग’ सापडलं. फुलं, चहाचे कप, देवांच्या तसबिरी, लहान बाळं, आणि त्यावर सुविचार. वेस्टर्न डिजिटलच्या आकड्यांनुसार भारतात तीन स्मार्टफोनधारकांपैकी एकाची जागा रोज संपते, अमेरिकेत दहांपैकी एकाची. महिनाभर आधी, डिसेंबर २०१७मध्ये, गूगलनं ‘फाइल्स गो’ हे अ‍ॅप काढलं होतं. त्यात अशी शुभेच्छाचित्रं ओळखून वेगळी काढायची सोय होती. यंत्राला हजारो चित्रं दाखवून ‘सुप्रभात’ ओळखायला शिकवलं गेलं. डीयूला फक्त आकार कळत होता. या अ‍ॅपनं फाइलीच्या आत डोकावून सांगितलं, की ही तुम्हाला नको असणार.

या ‘असणार’वर माझा थोडा राग आहे. परभणीतल्या आजीनं पुण्यातल्या नातवाला रोज सहा वाजता पाठवलेलं गुलाबाचं फूल हे फूल नसतंच. मी उठले आहे, ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. एखाद्या सकाळी ते आलं नाही तर नातू घरी फोन लावतो. अर्थात असं असलं तरी तो ती साडेसातशे फुलं जपून ठेवत नाही, आणि ठेवूही नये. फक्त ‘कचरा’ हा शब्द त्या अ‍ॅपचा आहे, आजीचा नाही.

व्हॉट्सअ‍ॅपनं नोव्हेंबर २०२०मध्ये स्वतःची नवी व्यवस्था दिली. सेटिंग्जमध्ये स्टोरेजच्या भागात गेलात तर ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली एका गठ्ठ्यात, अनेकदा पुढं ढकललेल्या दुसऱ्या गठ्ठ्यात, आणि खाली कुठल्या माणसाच्या किंवा ग्रुपच्या संवादानं किती जागा घेतली याची उतरती यादी. १९७१च्या डीयूशी हिचं नातं उघड आहे, फरक इतकाच की फोल्डरांच्या जागी नातेवाईक आहेत. ही यादी वाचताना माप कशाचं आहे ते लक्षात असू द्या. लग्नाच्या हॉलमधला थरथरता व्हिडिओ सगळ्यात वर असतो. एका मिनिटाचा बोललेला निरोप साधारण शंभर-दीडशे केबीचा असतो, त्यामुळं आता हयात नसलेल्या माणसाचा आवाज यादीच्या पार तळाशी सापडतो, तो उडवून काहीच जागा मिळत नाही. पूर्ण संवाद एका फटक्यात साफ केला तर मात्र तोही जातो. म्हणून आधी माणूस निवडून आत शिरा, फाइली आकारानं लावा आणि वरच्या पाच-दहाच उडवा. बहुतेक वेळा जागेचा मोठा वाटा त्यांच्यातच असतो.

आणि उडवल्यावर आकडा हलला नाही तर फोनला शिव्या देऊ नका. आयफोनच्या फोटोंत ‘रिसेंटली डिलीटेड’ नावाचा अल्बम असतो, अँड्रॉइडवर बहुतेक ठिकाणी ‘ट्रॅश’ किंवा ‘बिन’. पुसलेले फोटो आणि व्हिडिओ तिथं साधारण महिनाभर पडून असतात. गॅलरीतून नाव गेलेलं असतं, दप्तरातल्या वहीत ते असतंच. ती पेटी उघडून रिकामी करेपर्यंत करड्या पट्ट्याची लांबी होती तेवढीच राहते.